डावा कोपरा

केतनशेठ बोलत होते आणि प्राप्ती बोटाची पट्टी सोडून पुन्हा गुंडाळत होती. रेवसच्या रस्त्याला, शेठच्या ट्रकांच्या अड्ड्यामागे हे छोटंसं ऑफिस. बाहेर कुणीतरी ट्रकचं इंजिन तापवत होतं आणि त्या घरघरीत शेठना प्रत्येक वाक्य दोनदा म्हणावं लागत होतं.

“शाळा सुटल्यापासून माझ्या संघात खेळलीस. करार संपला म्हणून नातं संपलं काय? पुण्यावाले देतील तेवढं मी देतो. कप्तान पन तूच.”

प्राप्ती कबड्डीत डावा कोपरा सांभाळायची. चढाईला आलेलीचा घोटा तिच्या हाती लागला की सुटत नसे. पुण्याच्या संघाचं बोलावणं आल्यापासून तिला धड झोप नव्हती. शेठना नाही म्हणायला तोंड उघडलं, की वडिलांच्या आजारपणात त्यांनी न मागता पाठवलेली गाडी आठवायची आणि ती भलतंच काही बोलून जायची.

शेवटी तिने अट घातली.

“दीक्षाला संघाची प्रशिक्षक करा. मग राहते.”

दीक्षा म्हणजे कोपऱ्यात तिच्या शेजारी, हातात हात घालून खेळलेली मैत्रीण. सामन्यात तिचा गुडघा गेला आणि संघाने पुन्हा तिची चौकशीही केली नाही. त्यावरून तिने शेठना चारचौघांत सुनावलं होतं. तेव्हापासून तिचं नाव काढलेलंही शेठना खपत नसे.

शेठ उठून खिडकीपाशी गेले, ड्रायव्हरवर ओरडले. इंजिन बंद झालं.

“तिचं काय चुकलं न्हवतं,” ते पाठमोरेच म्हणाले. “ठीक हाय. घेऊ तिला. उद्या दोघी या.”

प्राप्ती हसली, निदान तिला तसं वाटलं. बाहेर येऊन स्कूटर चालू करताना चावी काही केल्या नीट बसेना.

थळच्या किनाऱ्यावर दीक्षा तिच्या शाळेतल्या मुलींना पकडी शिकवत होती. प्राप्तीला बघून ती लंगडतच बाजूला आली. प्राप्तीने सगळं एका दमात सांगून टाकलं.

दीक्षा वाळूत बसली. गुडघ्याचा पट्टा तिने सावकाश सैल केला.

“चुकलं नव्हतं, असं म्हणाले शेठ?”

“हो.”

“बरं वाटलं ऐकून. खरंच.” तिने वर बघितलं. “मग तुझं तोंड का उतरलंय?”

प्राप्ती शेजारी बसली, लगेच उठली, चप्पल काढून पुन्हा घातली.

“ते नाही म्हणतील, असं वाटलं होतं ना तुला?”

प्राप्तीने दूर पाण्याकडे तोंड फिरवलं.

“पुण्याला जायचंय तर जा ग,” दीक्षा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. “पण माझ्या गुडघ्याआड लपून नको.”

“आणि तुझं प्रशिक्षकाचं काम?”

“ते माझं मी बघेन.”

प्राप्ती ओल्या वाळूतून थोडी पुढे गेली, परत आली. मग तिथूनच तिने फोन लावला.

“बोल, कप्तान!” शेठ खुशीत होते.

“शेठ, मला पुण्याला जायचंय.”

पलीकडे खुर्ची करकरली.

“काय कमी पडलं? सांग ना, बघतो मी.”

सांगण्यासारखी कारणं एकामागून एक तिच्या जिभेवर आली. सरावाला नीट मैदान नाही, घरच्यांचा आग्रह आहे, आणखीही काही. तिने ती गिळली.

“कमी काहीच पडलं नाही, शेठ. मला जायचंय, एवढंच.”

शेठनी घसा खाकरला.

“बरं,” ते म्हणाले. “आणि ती दीक्षा?”

“इथेच आहे.”

प्राप्तीने फोन पुढे केला. दीक्षाने हाताची वाळू ओढणीला पुसली, केस कानामागे सारले आणि मगच फोन घेतला.

“बोला शेठ,” ती म्हणाली. “माझ्या अटी वेगळ्या आहेत.”