वेणीची झाली मिशी

मी मिशी बोलतेय. आधी हसून घ्या, मग ऐका. मी खरी नव्हे, नाटकातली. बारीक जाळीवर सुईने एकेक केस गुंफून केलेली, दोन्ही टोकांना झोकात वर वळलेली. माझं उभं आयुष्य एकाच नटाच्या ओठावर गेलं. त्याला अख्खी नाटक कंपनी 'सरदार' म्हणते. सकाळी पिशवी घेऊन दूध आणायला निघाला तरी सरदारच.

माझा जन्म मात्र सरदारांच्या बायकोच्या वेणीतून झाला. मोठ्या आजारातून उठल्यावर तिने केस कापले आणि ती वेणी नाटकातले केसांचे टोप बनवणाऱ्या म्हाताऱ्यापुढे ठेवली. "वाया घालवू नका, यांना एक मिशी करा," म्हणाली.

म्हातारा म्हणाला, "बाई, एवढ्यात दाढीसुद्धा होईल."

"दाढी नको. जेवताना सांभाळता यायची नाही त्यांना."

तर सरदारांचा सगळा रुबाब बायकोच्या वेणीवर उभा आहे. हे ते सोयीस्करपणे विसरतात.

तिला सगळे थोरली म्हणत, कारण तिची धाकटी बहीणही याच कंपनीतल्या नटाला दिलेली. थोरली रंगभूषा करायची, धाकटी कपडेपट सांभाळायची. थोरलीचा नवरा सरदाराचं काम करी, धाकटीचा सेनापतीचं. म्हणजे रंगमंचावर एकमेकांच्या जिवावर उठलेले हे दोन वीर घरी सख्खे साडू. प्रयोग संपला की चौघं एकाच डब्यात जेवायची, आणि मी आरशाला चिकटून त्यांच्या गप्पा ऐकायची.

नाटक जुनं होतं, अभिजात का काय म्हणतात तसलं. दरबारात सेनापती चुकून सरदारांच्या आसनावर बसतो, तिथून जे बिनसतं ते थेट शेवटच्या अंकातल्या द्वंद्वापर्यंत. मी अशा पुष्कळ नाटकांत कामं केली आहेत. त्यांतली माणसं फार पटकन दुखावतात. कोणी आधी वाकलं नाही, काढ तलवार. कोणी आव्हान म्हणून हातमोजा टाकला, काढ तलवार. त्यांच्यापैकी एकाने जरी "अहो, माझं चुकलं, बसा" असं म्हटलं असतं, तर प्रेक्षक पहिल्याच अंकानंतर घरी जाऊन जेवले असते. पण मग मला कोण विचारणार होतं? 'मान' हा शब्द आला की सरदार मला पीळ देत, आणि तो शब्द त्या नाटकात पावलोपावली होता.

पुढे हेच नाटक पडद्यामागेही सुरू झालं. शेवटी सगळे नट ओळीने येऊन प्रेक्षकांपुढे वाकतात ना, त्यात सगळ्यांत शेवटी येण्याचा मान सरदारांचा. एकदा सेनापती शेवटी आला आणि टाळ्या जरा जास्तच पडल्या.

"मी थोरला साडू आहे. शेवटी मी येणार," सरदार म्हणाले.

"रंगमंचावर साडू नसतो दादा, भूमिका असते," सेनापती म्हणाला.

झालं. त्या दिवसापासून दोघांची बोलचाल बंद. आधी कोणी वाकायचं हे ठरेना, म्हणून दोघंही वाकेनासे झाले. बाकीचे नमस्कार करत आणि हे दोघे छाती काढून उभे. प्रेक्षकांना वाटे, काय भूमिकेत शिरलेत! किटलीत चहा उरलाय का, एवढं विचारायलाही मधे तिसरा माणूस लागायचा. रंगमंचावर मात्र ते रोज मनमोकळं बोलत, कारण तिथे एकमेकांचा उद्धार करायचा असे.

अशात धाकटीच्या मुलीचं लग्न ठरलं. ती पोर थोरलीच्या अंगाखांद्यावर वाढलेली. थोरलीला स्वतःचं मूल नव्हतं, त्यामुळे हे लग्न तिच्या घरचंच होतं. पण सेनापती म्हणे, त्यांनी आधी बोलावं, मग मी आमंत्रण घेऊन जाईन. सरदार म्हणत, त्याने आधी आमंत्रण घेऊन यावं, मग मी बोलेन. दिवस जवळ येत चालला आणि दोघेही ढिम्म हलेनात.

लग्नाआधीचा तो शेवटचा प्रयोग. थोरली सरदारांना रंगवत होती.

"अहो, तुमच्या दोघांच्या मानापायी मी मावशी असून घरी बसू का?"

"तू जा की. मी अडवलंय का?"

"एकटी जाऊ? लोक विचारतील, यजमान कुठे आहेत. काय सांगू, घरी आरशापुढे बसलेत म्हणून?"

सरदारांनी आरशाकडे ओठ पुढे केला. मग म्हणाले, "मिशी लाव. घंटा होईल."

तिने मला लावलं. रोज ती मला बोटाने चांगली दाबून बसवायची, त्या दिवशी हात अगदी हलका पडला. "गोंद संपत आलाय," कोणी न विचारताच ती म्हणाली.

शेवटचा अंक आला. तलवारी खणखणल्या, सरदारांना घाम फुटला. "हा मान प्राणाबरोबरच जाईल!" अशी त्यांनी गर्जना केली आणि माझं डावं टोक सुटलं. मी शर्थ केली हो. पण पुढच्या वाराला मी निसटले आणि दोघांच्या मधोमध फळ्यांवर पडले.

पहिल्या रांगेत कोणीतरी खुदकन हसलं. सरदारांचा हात ओठाकडे गेला, तिथे काहीच नव्हतं. तो ओठ मी वर्षानुवर्षं ओळखते. तो त्यांनी तळव्याने झाकून घेतला. आता सेनापतीने तलवारीचं टोक नुसतं माझ्याकडे केलं असतं, तरी नाट्यगृह हसून लोळलं असतं आणि सरदार पुन्हा रंगमंचावर उभे राहिले नसते. मी खालून त्याचं तोंड बघत होते. क्षणभर त्याला मोह झाला, खोटं कशाला सांगू.

मग त्याने तलवार बाजूला ठेवली आणि तो वाकला. इतक्या दिवसांत न वाकलेला माणूस कंबरेतून वाकला, त्याने मला दोन्ही हातांनी उचललं आणि सरदारांपुढे धरलं.

"सरदार, तुमचा मान खाली पडला होता. तो पायदळी जाऊ देईन, इतका हलका वैरी मी नव्हे."

हे वाक्य नाटकात कुठेच नव्हतं. "उपकार झाले रे," एवढंच सरदार म्हणाले, तेही घरच्या आवाजात. टाळ्या थांबता थांबेनात. त्यानंतर ठरल्याप्रमाणे एकमेकांना मारणं भागच होतं. सरदार मला मुठीत घेऊन मेले, आणि फार जपून मेले.

शेवटी वाकायची वेळ आली तेव्हा पुन्हा भांडण. "तू ये शेवटी." "छे दादा, तुम्ही थोरले." अखेर दोघे एकदम वाकले आणि त्यांची डोकी एकमेकांवर आपटली.

मेकअपच्या खोलीत सेनापती दारातच उभा राहिला. "दादा, लग्नाला यायचंय. आणि गोंद जरा जास्त लावत जा."

"मी येणारच होतो," सरदार म्हणाले. थोरलीने तोंड पदराआड केलं.

आता मी पत्र्याच्या डबीत असते. केस विरळ झालेत, जाळी उसवली आहे. सरदारांनी स्वतःची पांढरी मिशी राखली आहे. बरी आहे, पण माझ्यासारखा पीळ बसत नाही. मला एकच मागायचं आहे. लग्नाच्या मांडवात धाकटीने हळूच विचारलं होतं, "ताई, त्या दिवशी गोंदाची बाटली तर काठोकाठ भरलेली होती. यांनी दादांचं हसं केलं असतं तर गं?"

"तुझ्या नवऱ्याला मी ओळखत नाही होय?" थोरली म्हणाली आणि तिने धाकटीच्या पानात लाडू वाढला.

मी सरदारांच्या खिशात होते, मला सगळं ऐकू आलं. सरदारांना मात्र अजून माहीत नाही. तुम्हीही सांगू नका, त्यांचा मान आहे शेवटी.