यकृतातली खोली

माणसाला त्याच्या शरीरात काय चाललं आहे ते नीट समजावून सांगितलं की तो शहाणपणाचा निर्णय घेतो, अशी विज्ञानाची श्रद्धा आहे. अपेक्षाने ही श्रद्धा पोलादपूरहून जीपने वर कुडपणला नेली. तिथे ती चहा होईपर्यंत टिकली.

तिचे चुलते कोंडाजीतात्या, वय त्रेसष्ट. वर्षभर रक्त पडत होतं आणि वर्षभर घरचे मूळव्याध समजून त्यांना सुरण खाऊ घालत होते. शेवटी महाडला दुर्बिणीने तपासलं, तुकडा काढला, मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. मुंबईच्या इस्पितळाने ऑपरेशनची तारीख दिली. आदल्या दिवशी स्कॅन करून यकृत बघणार होते.

"आजार आतड्याचा, मग लिवर कशापायी बघतात?" तात्यांनी विचारलं.

अपेक्षा महाडच्या कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवते. असा प्रश्न तिला वर्गात अकरा वर्षांत कोणी विचारला नव्हता. तिने पुस्तकी भाषेत सुरुवात केली, तात्यांचा चेहरा पाहिला आणि थांबली. मग तिला माझगावची खोली आठवली. गावकीची ती दहा बाय बाराची खोली. गावचा जो मुंबईला जाईल तो आधी तिथे उतरायचा. तात्या बावीस वर्षं तिचे कारभारी होते.

"तात्या, आतड्यातलं रक्त आधी यकृतात जातं. सरळ रस्ता, मधे थांबा नाही. पेशी एकमेकींना एका प्रथिनाने धरून असतात. गाठीतल्या काही पेशी ते बनवायचंच बंद करतात. मग त्या सुटतात आणि शिरेत शिरतात."

"म्हंजे घर सोडलं."

"हो. पण नुसतं जाऊन भागत नाही, तिथे टिकायला लागतं. म्हणून गाठ आधीच बारीक पुड्या पाठवते. पेशीहून शंभरपट लहान, आत निरोप. यकृतातल्या राखणदार पेशी त्या गिळतात, राखण सोडतात आणि शेजारच्यांकडून चिकट धाग्यांचं अंथरूण घालून घेतात. मग पाहुणी पेशी आली की तिथे अडकते. राहते."

तात्यांचे डोळे चमकले. "आधी चिठ्ठी, मग मानूस! मी दुसरं काय केलं गो? चिठ्ठी आली की ट्रंकेला जागा करायची, वळकट्या सरकवायच्या. म्हंजे लिवरात माझ्यासारखा कोन कारभारी बसलाय."

"बसलाय."

"बेणं," तात्या म्हणाले.

इतका तयारीचा विद्यार्थी तिला कधी मिळाला नव्हता. ती खूश झाली. तेवढ्यात ओटीवर चहा फुंकत बसलेल्या गावकीच्या अध्यक्षांनी, येसाजींनी, तोंड उघडलं.

"आन् गाठीला सुरी लावली, तर बाकीची कुठं जातील?"

"गाठ काढूनच टाकतात, काका."

"काढताना हालनारच की. गावात तंटा झाला का यष्टी भरून जाते."

तात्यांनी कप खाली ठेवला. "येसाजी बरुबर बोलतो. मूळ घराला हात लावायचा नाय."

"तसं नसतं, तात्या!"

"तूच सांगितलंस ना गो?"

हीच अडचण होती. सांगितलं तिनेच होतं.

ती तारीख गेली. पुढचीही गेली. अपेक्षा महाडहून रोज फोनवर नवी माहिती देई आणि ती माहिती निमूटपणे येसाजींच्या बाजूला जाऊन बसे. रोज हजारो पेशी निघतात, बहुतेक रक्तातच मरतात, असं तिने सांगितलं, तर तात्या म्हणाले, "मरतायत ना? मग त्यांना कशाला चाळवा?" यकृतात जागा रिकामी दिसू नये म्हणून कोंडाजीने दोन्ही वेळा पोटभर जेवावं, असा गावकीने ठराव केला. तो एकमताने पास झाला. तात्यांना तोवर अर्धी भाकरी जात नव्हती, आणि सदरा खांद्यावर खुंटीला टांगल्यासारखा लोंबत होता.

तिसऱ्या तारखेआधी अपेक्षा पुन्हा वर गेली. या वेळी तिने काहीच समजावलं नाही. पायरीवर बसली आणि रडली. अभ्यासक्रमात याची तरतूद नाही.

तात्यांच्या शेजारी चंद्रभागाकाकी, त्यांची बायको, सुपात नाचणी पाखडत होत्या. त्यांनी सूप थांबवलं.

"अवो, तुमी मुंबयला गेलात तवा घरात कोन भांडलेलं?"

"कोनी नाय."

"घराला कोनी हात लावलेला?"

"नाय बा."

"जेवलात, भाकर बांधून घेतलीत, गेलात. तुमचा भाव महादू तसाच गेला. समदेच तसे गेले. तंटा करनारे तर हितंच हायत." असं म्हणून त्यांनी ओटीवर बसलेल्या येसाजींकडे पाहिलं. येसाजींनी गोठ्याकडे पाहिलं.

बावीस वर्षांत खोलीवर आलेला एकेक चेहरा तात्यांनी आठवून पाहिला असावा. भांडून आलेला एकही सापडला नसावा.

"म्हंजे ती जातातच," ते म्हणाले. "हात लावा, नायतर नका लावू."

"हो, तात्या."

"आन् गाठ हाय तवर जातच राहनार."

"हो."

"पिशवी भर गो," ते बायकोला म्हणाले.

स्कॅन मंगळवारी झाला. यकृतात चार डाग, सगळ्यांत मोठा अठरा मिलिमीटरचा. डॉक्टर म्हणाले, आधी औषधं चालू करू, मग आतडं आणि यकृत दोन्हींची ऑपरेशनं होतात का ते बघू. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"सायेब, मी दोन म्हयने नाय नाय म्हनत बसलो. त्यात गेली का ही?"

अपेक्षाने खुर्चीची पाठ घट्ट धरली. डॉक्टरांनी पडद्यावरचा डाग मोठा करून पाहिला.

"नाही हो," ते म्हणाले. "हे कमीत कमी दोन वर्षांपूर्वीचं आहे."