कोरड्या पट्ट्या

सतरा वर्षं ताईने प्लास्टिक मोडलं. कारखान्याच्या चाचणीखोलीत ओढून, पिळून, यंत्राच्या हातोड्याखाली घालून. आणि तिची सख्खी धाकटी बहीण डिझाइन विभागात लागून वर्ष होत नाही तोच साहेब चहाला तिच्या टेबलाशी थांबायला लागले. ताईच्या टेबलाशी ते सतरा वर्षांत एकदा थांबले होते, तेही पेन मागायला.

पोटात दुखायला तेवढं पुरे होतं. तसं हे दुखणं जुनंच. ताईचं जुनं दप्तर धाकटीकडे गेलं की तिलाच शोभून दिसायचं, आणि आई ते बोलूनही दाखवायची.

आता प्रश्न होता चाकखुर्चीच्या ब्रेकच्या दांड्याचा. ताईने त्यासाठी अ‍ॅसिटल निवडलं होतं, धाकटीने नायलॉन. जिचं प्लास्टिक ठरेल तिच्याकडे नव्या खुर्चीचं सगळं काम, असं साहेबांनी जाहीर करून टाकलं होतं. चाचणी अर्थातच ताईने करायची. आपल्याच लेकराचा पेपर आपणच कसा तपासायचा, असं कुणी विचारलं नाही, कारण ताईचा आकडा आजवर खोटा निघाला नव्हता.

नायलॉनची एक खोड असते. साच्यातून निघतं तेव्हा ते कोरडं ठणठणीत असतं आणि घाव बसला की तडकतं. हवेतलं पाणी प्यायलं की चिवट होतं, आणि पुढचं आयुष्य ते तसंच काढतं. म्हणून चाचणीआधी नमुन्याच्या पट्ट्या पिशवीतून काढून दोन आठवडे दमट कपाटात मांडायच्या, असा नियम होता. तो ताईनेच लिहून भिंतीवर लावला होता.

धाकटीच्या पट्ट्यांची हवाबंद पिशवी आली, तेव्हा ताईने ती कपाटात ठेवली. ठेवली, पण फोडली नाही. कुणी विचारलंच, तर पट्ट्या दोन आठवडे कपाटात होत्या हे अगदी खरं होतं.

मग हातोडा सोडला. पाचच्या पाच पट्ट्या काटकन मोडल्या. ताईला इतकं बरं वाटलं, की तिने गरज नसताना राखीव सहावीही मोडली. आकडा हवा त्याच्या निम्मासुद्धा भरला नाही. खाली तिने नेहमीच्या वळणदार अक्षरात सही ठोकली.

धाकटीने अहवाल वाचला, तुकड्यांचा ट्रे मागून नेला आणि तासाभराने बैठकीत आपलं नायलॉन मागे घेतलं. पुन्हा चाचणी करू या का, असं साहेबांनी दोनदा विचारलं. ती नको म्हणाली. ताईने केलीय म्हणजे बरोबरच असणार, म्हणाली. काम ताईला मिळालं, टाळ्याही वाजल्या, आणि ताई तरंगतच चाचणीखोलीत परतली.

धाकटी तिथे ट्रे जागेवर ठेवत होती.

"तुकडे कशाला नेले होतेस?" ताईने विचारलं.

"वजन करायला. दोन्ही अर्धी जोडून तोलली. साच्यातून निघाल्या तेव्हा होतं तेवढंच भरलं, ताई. पाण्याचा थेंब प्यायल्या नव्हत्या त्या."

ताईच्या तोंडचं पाणी पळालं. "मग बोलली का नाहीस तिथे?"

"तुला ते काम माझ्यापेक्षा जास्त हवं होतं. आणि तुझं अ‍ॅसिटलही चालण्यासारखं आहे, मी बघितलंय. जाऊ दे ना."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. ताईने शोधून पाहिला. खाली थांबते, सोबतच घरी जाऊ, असं म्हणून धाकटी निघूनही गेली.

ताईला लाज वाटली, नाही असं नाही. पण लाजेच्या दुप्पट संताप आला. जन्मात एकदा तिच्यावर मात केली होती, चोरून का होईना, पण स्वतःच्या हाताने. आता तेही तिनेच दिलेलं निघालं.