चारचा आकडा

"अकरा वर्षं रोज चार? एवढं नेमानं तर घड्याळही चालत नाही," सिस्टर म्हणाली आणि वही खिडकीच्या उजेडात धरली. समोरच्या डॉक्टरांनी कागदातून मान वर केली नाही.

ओटीपोटाच्या जुनाट दुखण्यावर त्या इस्पितळात अकरा वर्षं संशोधन चाललं होतं. दीडशे बायका रोज संध्याकाळी वहीत एक आकडा लिहायच्या. दुखत नसेल तर शून्य, सोसवेनासं झालं तर दहा. वह्या गोळा करायच्या, तपासायच्या आणि खोट्या वाटल्या तर बाद करायच्या, हे काम सिस्टरचं. माघारी तिला सगळे फौजदारीणबाई म्हणत. ते तिला ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. एकदा एका बाईने तीन महिन्यांचे आकडे बाहेरच्या बाकावर बसून भरले होते, तेव्हापासून ती ताकही फुंकून पीत असे.

तरी ही एक निसटली होती. सुट्या सुट्या वहीत ते कधी खुपलं नव्हतं. आज नव्या उपचारासाठी जुन्या वह्या एकत्र काढल्या, तर सुरुवातीचे काही महिने सोडले की पानोपानी चारच चार. डॉक्टर म्हणाले, वीसजणींची यादी पाच वाजता जाणार, त्या यादीत हिचं नाव आहे. वही खरी की खोटी ते त्याआधी कळवा. सिस्टरने वही पर्समध्ये टाकली आणि ती निघाली. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि ते कुठे हे कळल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरला नसता.

ती बाई पोस्टात काउंटरवर होती. पन्नाशीची, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. सिस्टर रांगेत एका उंच माणसाच्या मागे दडून उभी राहिली. ही हेरगिरीच झाली. पण पोस्टात रांगेत उभं राहायला कुणाची बंदी नाही, अशी तिने मनाची समजूत घातली. बाई हसत होती. एका म्हाताऱ्याला पाकिटावर पत्ता लिहून देत होती, दुसऱ्या एकीला पार्सलात दगड भरलेत की काय म्हणून चिडवत होती. मागची खुर्ची रिकामीच होती, सगळं काम उभ्याने चाललेलं. हिला कसलं आलंय दुखणं, असं सिस्टरला वाटलं. संशय खरा ठरताना होतो तसा जरा आनंदही झाला.

एक वाजता खिडकी बंद झाली आणि बाई मागच्या पार्सलच्या खोलीत गेली. सिस्टरही बाजूच्या दाराने मागोमाग गेली.

बाई फरशीवर पडली होती. पार्सलच्या दोन थप्प्यांच्या मधे, गुडघे पोटाशी आवळून, दातांखाली रुमाल धरून. डोळे उघडे होते, पण समोर सिस्टर उभी आहे हे तिला बऱ्याच वेळाने उमगलं.

अशा बायका सिस्टरने पाहिल्या नव्हत्या असं नाही. पण त्यांच्या वहीत आठ असायचे, नऊ असायचे.

"हे चार आहे?" तिने विचारलं.

बाईने रुमाल काढला. "रोजचंच आहे, सिस्टर. पंधरा मिनिटांत उठते."

"मग वहीत खोटं का लिहिलंत?"

"खोटं नाही. पटेल एवढं लिहिलं."

मग थांबत थांबत तिने सांगितलं. पहिल्या महिन्यात तिने ओळीने सात दिवस नऊ लिहिला होता. सिस्टर म्हणाली होती, नऊवाली बाई स्ट्रेचरवरून येते, तुम्ही तर जिना चढून आलात. पुढे सात लिहिला, तेव्हा सिस्टरच्या भुवया वर गेल्या. पाचला ती नुसतीच 'हं' म्हणाली. "चारवर तुम्ही काही बोलला नाहीत. म्हटलं, चला, चारवर तुमचा विश्वास बसतो. घरी तर एकावरही कुणाचा बसला नव्हता."

सिस्टरला तो दिवस आठवेना. वाक्य मात्र तिचंच होतं, ते ती अजूनही नव्याने आलेल्या प्रत्येकीला ऐकवायची. कपाटात दीडशे जणींच्या वह्या होत्या. त्यांतल्या किती तिच्या भुवया बघून लिहिलेल्या असतील? ती एका पार्सलवर बसली. तिला शरम वाटली, आणि त्याहून जास्त भीती.

"पाच वाजता यादी जाते," ती म्हणाली. "वही खोटी म्हणून कळवलं तर तुमचं नाव जातं. खरी म्हणून कळवलं तर मी खोटी."

"नाव घालवू नका," बाई पटकन म्हणाली. अकरा वर्षांत तिने काही मागितल्याचं सिस्टरला आठवत नव्हतं.

"आकडे चुकलेत आणि ते माझ्यामुळे चुकलेत, असं मी लेखी देते. आज डोळ्यांनी काय पाहिलं तेही देते. पुढचं डॉक्टर ठरवतील, त्याचा शब्द मला देता येणार नाही."

बाईने मान हलवली. थप्पीला धरून ती कशीबशी उठून बसली. सिस्टरने पर्समधून वही काढली, पेन उघडलं. "आज किती?"

बाईने आधी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "पाच."

सिस्टरने भुवई हलू दिली नाही. बाईने पुन्हा पाहिलं, जरा पुढे झुकून. "सहा म्हटलं तर चालेल?"

सिस्टरने वही आणि पेन तिच्या मांडीवर ठेवलं. मग ती उठली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. लिहायचा एकच आकडा होता, पण पाठीमागची पेनाची खरखर बराच वेळ थांबली नाही.