मुका दगड

धोंडीबाच्या घराण्यात दगडाच्या दोनच जाती मानत, बोलका आणि मुका. हातोड्याच्या पाठीने हलका टोला द्यायचा. खणकन वाजला तर बोलका, बद्द वाजला तर मुका. मुक्याच्या पोटात चीर असते. त्याचा पाटा केला तर वर्षभरात दुभंगतो आणि करणाऱ्याचं नाव घालवतो. चाकणकडच्या त्या टेकडीखाली पाथरवटांची तीन घरं होती, आणि तिन्ही घरांत शेवटचा शब्द धोंडीबाच्या कानाचा असे.

आठ वर्षांपूर्वी टेकडीवर खाण आली, मागोमाग खडीचा क्रशर आला. दिवसातून दोनदा सुरुंग उडायचे आणि मधल्या वेळात क्रशर दळत बसायचा. पांढरी धूळ मेथीच्या वाफ्यांवर, वाळवणावर, म्हशींच्या पाठीवर बसायची. आधी मेथी गेली, मग म्हशी गेल्या, आणि भाजीपाला पिकवणारी माणसं कंपन्यांच्या गेटावर कंत्राटदाराची वाट बघत उभी राहू लागली. पाथरवट तेवढे टिकले. टेकडीचा पूर्वेकडचा खांदा त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीचा होता, तिथे खाणवाल्यांना हात लावता येत नव्हता. आणि घरात मिक्सर असला तरी तळवड्याच्या आयटीवाल्यांना दगडी पाटा हवाच असतो. असू दे बापडी हौस, तिच्यावर तीन चुली पेटत होत्या.

गेल्या दिवाळीनंतर दगड मुके निघू लागले. धोंडीबा टेकडीच्या त्या खांद्यावरून दगड आणी, वाजवून बघे आणि बाजूला टाकी. सगळे बद्द.

"सुरुंगांनी डोंगर आतनं फोडला," तो म्हणाला.

त्याचा पुतण्या गणराज हाताने फार गुणी कारागीर. तो चाचरत बोलला, "नाना, मला तर बरा वाटतोय आवाज."

"तुझं वय किती, आन् माझा कान किती जुना?"

गणराज गप्प बसला. मोठ्यांपुढे गप्प बसायच्या या सवयीने आपल्याकडे किती घरांचं वाटोळं केलंय, ते मोजायला कुणी बसत नाही. खाणवाले टपूनच होते. मेलेला डोंगर कवटाळून काय करायचं, असं म्हणत तिन्ही घरांनी वहिवाट सोडल्याच्या कागदावर सह्या केल्या. गणराजने छिन्न्या भंगारात घातल्या आणि त्याच खाणीचा डंपर चालवायला घेतला. धोंडीबाने मात्र टाकून दिलेले दगड परसात रचून ठेवले. ते फेकायला त्याचा जीव होईना.

आठवड्याच्या सुट्टीला घरी असलेली त्याची लेक वर्षाली परसात धुण्याच्या दोरीच्या खांबासाठी खड्डा खणत होती. पाय अडखळला आणि हातातली लोखंडी पहार एका दगडावर आपटली. ती थबकली.

"आबा, हा तर बोलका हाय."

"मुका हाय तो. मी सोता वाजवलाय."

तिने पुन्हा वाजवला. धोंडीबाने चिडून तिच्या हातातून पहार घेतली, टोला दिला. बद्द. "बघ."

"खणखणीत वाजला की, आबा."

त्याने पहार तिला परत दिली, दगडावर तळहात टेकला आणि टोला मारायला सांगितलं. तळहाताला थरथर लख्ख कळली. कानाला काहीच कळलं नाही.

वर्षाली चाकणच्या कंपनीत कामाला होती. प्रेसच्या धडधडीत जुन्या कामगारांचे कान गेलेले तिने पाहिले होते. "मोठा आवाज येतो, बारीक तेवढा जातो," ती जवळ येऊन म्हणाली. "मघाशी कुकरची शिट्टी झाली, ऐकली का तुमी?"

त्याने ऐकली नव्हती. बायको दुर्गाबाई वर्षभर ओरडूनच का बोलते, हे त्याला आत्ता समजलं. तो तिला तिरसट म्हणत आला होता.

वर्षालीने परसातला एकेक दगड वाजवला. चार मुके निघाले. बाकी सगळे बोलके. धोंडीबा उंबऱ्यावर बसून नुसता तिचा हात बघत राहिला. सुरुंगांनी डोंगर फोडला नव्हता, त्याचा कान फोडला होता. आणि त्या फुटक्या कानाच्या भरवशावर त्याने तीन घरांना डोंगरावर पाणी सोडायला लावलं होतं.

"गणराजला सांगायला पायजे," तो उठला. ती नको म्हणत होती, तरी सोबत गेली.

क्रशरच्या फाटकात गणराजचा डंपर रांगेत उभा होता, इंजिन चालूच. मागे काळे कुळकुळीत दगड भरले होते. ते कुठले, हे धोंडीबाने एका नजरेत ओळखलं. पूर्वेच्या खांद्याचे होते, आणि तासाभरात त्यांची खडी होणार होती. वर्षाली पुढे झाली, डंपरमधून खाली पडलेला एक तुकडा घेऊन तिने तो डंपरच्या लोखंडावर हाणला. गणराजने मान वळवली. त्याने ऐकलं होतं.

"दगड बोलका होता, गणराज," धोंडीबा म्हणाला. "मुका मी हाय. तुझंच खरं होतं."

गणराज वरून बोलू लागला. क्रशरच्या आणि इंजिनाच्या घरघरीत त्यातला एक शब्द धोंडीबापर्यंत पोचला नाही. फक्त ओठ हलताना दिसत होते, मग डोळे पुसताना दिसले, मग पुन्हा ओठ. रांग सरकली. डंपर आत गेला.

"काय म्हनला गं?"

वर्षाली रस्त्याकडे बघतच त्याच्या कानाशी म्हणाली, "काय न्हाई. जेवायला येतो म्हनला कधीतरी."

गणराज बराच वेळ बोलत होता. तेवढ्या बोलण्याचा अर्थ एवढासाच कसा असेल, हे न कळायला धोंडीबाचे डोळे काही गेले नव्हते. त्याने मान डोलावली आणि तो लेकीच्या मागोमाग घराकडे निघाला.