अनवाणी फादर

"शूज बाहेर काढाल का, प्लीज?" रणजितने येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो तसंच सांगितलं, आणि दारातल्या म्हातारीचा चेहरा एकदम कडक झाला.

"मी काढत नाही," ती म्हणाली आणि बूट वाजवत आत आली. पुण्याच्या माणसाला घरात बूट आले की काय होतं ते सांगायला नको, पण रणजितने ते चालवून घेतलं. म्हातारी साधीसुधी नव्हती. तिचं नाव लोसा, आणि आपलं छोटंसं बेट गोऱ्या मळेवाल्यांच्या तावडीतून सोडवणाऱ्या फादर एलिसेंची ती धाकटी बहीण. रणजितच्या बायकोने, नीलांबरीने, तेच फादर इथे परदेशात, हिल्सबरोच्या घराच्या गराजमध्ये, ब्राँझचे उभे केले होते. शनिवारी पार्कात अनावरण होतं. लोसाचा नातू विली पुतळा समितीचा अध्यक्ष. आजीला आधी दाखवावं, तिचा मान म्हणून, एवढ्यासाठी तो तिला घेऊन आला होता.

गराजमध्ये नीलांबरीने पुतळ्यावरचं कापड ओढलं. म्हातारीने चेहरा बराच वेळ न्याहाळला, मान डोलावली. नीलांबरीचा जीव भांड्यात पडतोय तोच तिची नजर खाली गेली आणि पायांवर थबकली.

पाय अनवाणी होते. समितीकडे फोटो होता तो कमरेपर्यंतचाच, आणि देवमाणूस म्हटला की अनवाणी, हे नीलांबरीच्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं की कोणाला विचारायचं तिला सुचलंच नाही. शिवाय ते पाय तिच्या वडिलांचे होते. रुंद पंजा, वाकडी करंगळी. बाबा गेले तेव्हा व्हिसा अडकला होता, ती पुण्याला पोचू शकली नव्हती. आता रोज सकाळी या पायांना हात लावून ती कामाला लागायची.

"हा कोण?" लोसाने विचारलं.

"आजी, फादर एलिसे," विली घाईघाईने म्हणाला.

"नाही. मळ्याच्या ऑफिसात आम्हाला बूट घालायला बंदी होती. काळ्यांनी अनवाणीच यायचं. एलिसे बूट घालून पायऱ्या चढला, म्हणून त्याला पहिल्यांदा तुरुंगात टाकलं. दुसऱ्या दिवशी अख्खं गाव फाटके, उसने, मिळतील ते बूट घालून तिथे जाऊन उभं राहिलं. आमचा लढा तिथे सुरू झाला." ती नीलांबरीकडे वळली. "आणि तू त्याचे बूट काढून घेतलेस?"



"आजी, ट्रक ठरलाय. मिनिस्टर येतायत," विली काकुळतीला आला. "लोक चेहरा बघतात गं."

"अगं, बेसभोवती ढीगभर फुलं लावू," रणजित मराठीत पुटपुटला. "कोणाला कळणारे?"

खरं सांगायचं तर नीलांबरीला हेच ऐकायचं होतं. फुलं लावायची, हार घालायचे, टाळ्या घ्यायच्या. किती सोपं! पण लोसा दाराकडे निघाली होती. "शनिवारी मी येणार नाही," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच नीलांबरीला सोसवेना.

तिने फळीवरून धातू कापायचा ग्राइंडर उचलला.

"अगं, काय करतेयस?" रणजितने विचारलं.

"पाय कापतेय. आता नाही कापले तर तुम्ही दोघं मला शनिवारपर्यंत बोलण्यात गुंडाळाल."

"आणि शनिवारचं काय?" विली ओरडला.

"शनिवारी काही नाही. बूट झाले की कळवीन."

ती खाली बसली. रोजच्यासारखा पायांना हात लावला, आणि मग तिथेच कपाळ टेकून ती हुंदके देऊ लागली. दारातून लोसा परत फिरली.

"कोणाचे पाय आहेत हे?"

"माझ्या बाबांचे."

म्हातारी कशीबशी वाकली. त्या वाकड्या करंगळीवरून तिने बोट फिरवलं.

"मग जपून काप," ती म्हणाली. "आणि घरात ने त्यांना. आमच्या लढाईत उगाच उन्हातान्हात उभं करू नकोस."

नीलांबरीने डोळे पुसले, कामाचा गॉगल चढवला आणि ग्राइंडरचं बटण दाबलं.