दुखवट्याचे टायर

"काका, आता ह्याच्यावर बसू नका." रवीनं सायकलचं मागचं चाक हळू फिरवलं, मध्येच थांबवलं आणि रबरावर अंगठा ठेवला. "दोरे दिसालेत बघा."

वादिराज कुलकर्णींनी वाकून बघितल्यासारखं केलं. ते दोरे त्यांना केव्हापासून ठाऊक होते. टायरची मधली गोलाई जाऊन तो पाटासारखा चपटा झाला होता. एका बाजूला काचेनं पाडलेली चीर होती, आणि तिच्यातून आतलं पांढरं विणकाम डोकावत होतं. आणि तरी रोज सकाळी धारवाडहून हुबळीपर्यंत याच टायरवर जाणं-येणं चाललं होतं.

"पुढचा अजून बरा आहे," ते म्हणाले.

"पुढचा बराच असतो हो. वजन मागच्यावर असतंय, तो आधी जातोय. पण वय दोघांचं एकच. जोडी काढून टाका की. माल आहे माझ्याकडं."

"वर्ष होऊ दे."

"कशाचं वर्ष?"

वादिराज खिशातून पाकीट काढायला लागले. रवीनं खांदे उडवले, जुन्या टायरचा एक तुकडा कापून चिरेच्या जागी आतून बसवला, गोधडीला ठिगळ लावावं तसा, आणि हवा भरून दिली. "पैसे नकोत," तो म्हणाला. "हे काम मी केलं असं कुणाला सांगू नका म्हणजे झालं."

हुबळीच्या गोकुळ रोडवरचं हे दुकान वादिराजांच्या बायकोनं, जयलक्ष्मीबाईंनीही, पाहिलेलं होतं. पाटबंधारे खात्यात सारा जन्म कारकुनी करून वादिराज निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या लेकीनं, वेदश्रीनं, त्यांना ही बारीक चाकांची सायकल घेऊन दिली. धारवाडात, त्यांच्या माळमड्डीत, हसू झालं. ज्या माणसानं ऑफिसात कधी खुर्चीसुद्धा जोरात ओढली नाही, तो डोक्यावर हेल्मेटचा टोप चढवून पाठ वाकवून निघालेला बघून लोक दारात येऊन उभे राहायचे. जयलक्ष्मीबाई तर म्हणायच्या, "एवढ्याशा चाकावर एवढा माणूस! म्हातारचळ म्हणतात तो हाच की." पण हे टायर घ्यायला त्या सोबत आल्या होत्या. दुकानातल्या स्टुलावर बसून त्यांनी रवीशी वांग्यांचा करावा तसा भाव केला, आणि शेवटी, "जोडीवर एक ट्यूब घाल की रे," असं भाजीवर कोथिंबीर मागावी तसं मागितलं. रवीनं घातली. त्या दिवशी परतताना वादिराज बायकोवर मनातल्या मनात फार खूष होते. तोंडानं मात्र एवढंच म्हणाले की लाज आणलीस.

माघात त्या गेल्या. मूत्रपिंडांनी दगा दिला. डॉक्टर, इस्पितळं, सगळं झालं, आणि तरी गेल्या.

जयलक्ष्मीबाई सगळं पाळणाऱ्या होत्या आणि वादिराज सगळ्याची टिंगल करणारे. एकादशीला ते मुद्दाम कांदाभजी मागायचे. असा हा माणूस बायको गेल्यावर एकाएकी धर्मशास्त्री झाला. वर्षाच्या आत घरात नवं काही आणायचं नाही, हा नियम त्यांनी असा धरला की भटजींनीही तोंडात बोट घालावं. फुटलेल्या कपाच्या जागी कप आला नाही. चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधली. लोकांना वाटलं, वय झालं, देवाकडे मन लागलं. देवाचा काही संबंध नव्हता. वर्ष पुरं झालं की जयलक्ष्मी 'गेल्या वर्षी वारलेली' होणार होती, आणि ते त्यांना सोसणारं नव्हतं. घरात नवं येईल ते तिनं न पाहिलेलं असेल. एकेक करत सगळं घरच तिला अनोळखी होईल, ही त्यांची भीती होती.

ठिगळ श्रावणापर्यंत टिकलं. बुरबुर पाऊस होता. हुबळीहून परतताना नवलूरच्या उतारावर मागचा टायर फट्कन फुटला, चाक ओल्या रस्त्यावर आडवं गेलं, आणि वादिराज कोपरावर पडून घसरत गेले. मागच्या ट्रकवाल्यानं ब्रेक दाबले. खाली उतरून त्यानं आधी त्यांना उठवलं आणि मग कन्नडमधून अशा शिव्या दिल्या, की त्या पूर्ण होईपर्यंत वादिराज हात जोडून उभे होते.

वेदश्री तारिहाळच्या कारखान्यातून तडक आली. तिचं सासर हुबळीला. आल्या आल्या तिनं वडिलांचं बँडेज बघितलं, तडकलेला टोप बघितला, आणि मग भिंतीला टेकवलेल्या सायकलचा लोंबणारा टायर हातात धरून बघितला.

"हे तुम्हाला दिसत नव्हतं, अप्पा?"

"दिसत होतं."

"मग?"

"वर्षाच्या आत नवं आणायचं नाही म्हणून..."

"तुम्ही सांगालात हे? तुम्ही?"

"तुझ्या आईनं पाळलं असतं."

"आईनं तुमच्यासाठी मोडलं असतं!" तिचा आवाज चढला, आणि लगेच फुटला. "आईला वाचवणं आपल्या हातात नव्हतं. हे होतं की. मी दोनदा माणसं घालवू का एका वर्षात?"

वादिराजांना लेकीच्या डोक्यावर हात ठेवायचा होता. उजवा हात बँडेजात होता आणि डाव्याला धीर होईना. "बरं, सायकल बंद करतो," ते म्हणाले.

"बंद करा म्हणून कोण म्हणालंय? ती सोडली तर दिवसभर आईच्या त्या खाटेकडं बघत बसाल. मला माहीत नाही होय?"

ती मागच्या अंगणात गेली आणि मामाला फोन लावला.

सुधींद्र हा जयलक्ष्मीबाईंचा धाकटा भाऊ. हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात त्याचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. तेराव्या दिवसानंतर तो या घरी आला नव्हता, आणि त्याला तसं कारण होतं. रिवाजाप्रमाणे त्या दिवशी तो दुखवटा घेऊन आला होता, म्हणजे बहिणीच्या नवऱ्यासाठी नवं धोतर आणि उपरणं. ते नेसवून माणसाला उंबऱ्याबाहेर काढायचं, देवदर्शन घडवायचं, की सुतकातला माणूस पुन्हा चारचौघांत आला. ते ताट पुढे आलं तेव्हा वादिराज म्हणाले, "मला नको. मला बाहेर यायचंच नाही," आणि भरल्या घरातून उठून आत गेले. बहिणीसाठी माहेरानं करायचं ते शेवटचं काम होतं. सुधींद्र ते धोतर तसंच घडी करून परत घेऊन गेला.

रविवारी सकाळी तो आला. अंगात पांढरा शर्ट, कपाळावर गंधाची रेघ, हातात पिशवी. वादिराजांशी न बोलता त्यानं वेदश्रीकडून पाट आणि हळदी-कुंकू मागून घेतलं. पाट मांडला आणि पिशवीतून नव्या टायरची जोडी काढून त्यावर ठेवली. काळ्या रबराला कुंकू नीट लागेना. त्यानं दोनदा लावलं.

"हे काय आरंभलंस सुधा?"

"दुखवटा," सुधींद्र म्हणाला. "वर्षाच्या आत तुम्ही नवं आणायचं नाही, बरोबर आहे. तुम्ही आणलं नाहीच. माहेरचं चालतंय, भावजी. अक्काच्या माहेरचं आहे. रवीला विचारून मापाचं आणलंय." तो थांबला. मान खाली घालूनच पुढे म्हणाला, "धोतर परत केलात. मी गप बसलो. हेही परत करणार असाल तर आत्ता सांगा, म्हणजे मी मोकळा झालो. मग मला ह्या घरात कोण आहे?"

वादिराजांनी डाव्या हातानं पाटावरचा एक टायर उचलून मांडीवर घेतला. मेहुण्याचंही कुणी गेलं होतं, हे इतक्या महिन्यांत त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. आपल्या दुःखात ते एकटेच जेवत होते आणि दुसऱ्याचं ताट वाढायचं राहून गेलं होतं.

"पक्कड आण वेदा," ते म्हणाले. "नाही, पक्कड नको. त्या टायर काढायच्या प्लॅस्टिकच्या दोन पट्ट्या आहेत बघ, त्या आण."

जुने टायर सहज निघाले. नवे मात्र बसेनात. शेवटची वीतभर कड हट्टाला पेटते, ती दोन्ही अंगठ्यांनी दाबूनच रिमवर चढवावी लागते, आणि वादिराजांचा एक हात कामाचा नव्हता. सुधींद्र समोर मांडी घालून बसला. जन्मात त्यानं सायकलचं चाक खोललं नव्हतं.

"इथं दाब. घाबरू नकोस, तुटत नाही ते."

"दाबालोय की."

"दोघं मिळून. हां, आता."

कड टप्पकन आत बसली. सुधींद्रच्या पांढऱ्या शर्टावर काळे पंजे उमटले होते, आणि तो रडत होता. वादिराज त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून बसून राहिले. वेदश्री आत जाऊन चहा टाकते म्हणाली आणि बराच वेळ बाहेर आलीच नाही.

रिवाज पुरा करायचा म्हणून सुधींद्रनं वादिराजांना उंबऱ्याबाहेर नेलं. एका बाजूनं त्यानं सायकल धरली, दुसऱ्या बाजूनं त्यांनी. गल्लीतून दोघं मठापर्यंत चालत गेले. नव्या रबराची ओल्या डांबरावर बारीक चरचर होत होती. मठासमोर सायकल उभी करून त्यांनी बाहेरूनच हात जोडले. दोघांपैकी कुणी देवाकडं काही मागितलं नाही.

तिथून ते बसथांब्यावर गेले. हुबळीची बस भरून आली. सुधींद्र धावतपळत चढला, दाराच्या दांडीला धरून वळला, आणि इतकी वर्षं प्रत्येक वेळी निघताना म्हणायचा तेच घाईघाईनं म्हणाला, "येतो भावजी. अक्काला सांगा, निघालो म्हणून."

म्हणाला आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. बस हलली होती.

"सांगतो," वादिराज म्हणाले.

बस वळणाआड जाईपर्यंत ते उभे राहिले. मग दुखऱ्या हातानं हँडल सांभाळत सायकलवर बसले आणि घराकडे निघाले.